विसावा कोणाचा?

जुलै महिन्यात एखादा दिवस असा उजाडतो की आज आपल्या हातून काही होणार नाही, हे पहाटेच कळून चुकते. असाच एक मंगळवार होता. रात्रभर कोसळलेल्या पावसाने चर्चच्या आवारात घोटाभर पाणी साचले होते. सकाळच्या मिस्सेला चार माणसे आली. वीज पहाटेपासून गेलेली. टेबलावर बाप्तिस्म्याच्या दाखल्यांच्या नकला, शाळेच्या समितीचे इतिवृत्त आणि रविवारच्या प्रवचनासाठी काढून ठेवलेला कोरा कागद अशी तीन कामे पडून होती. त्यांतल्या एकालाही मी हात लावला नाही. खिडकीशी आरामखुर्ची ओढली, स्वयंपाकघरातून आलेला चहा घेतला आणि सेमिनरीच्या दिवसांपासून प्रत्येक बदलीत माझ्याबरोबर फिरलेले एक पातळसे पुस्तक कपाटातून काढले. दुपारपर्यंत ते संपले. त्याला जोड म्हणून एक इंग्रजी निबंधही वाचून झाला. मन मात्र सबंध वेळ टेबलाकडे होते. विश्रांतीचे तत्त्वज्ञान वाचतानाही मनुष्याला विश्रांती घेता येऊ नये, ही गोष्ट मला तपासून पाहावीशी वाटली.

निबंध बर्ट्रंड रसेल यांचा, ‘इन प्रेझ ऑफ आयडलनेस’. १९३२ साली तो एका अमेरिकन मासिकात आला आणि १९३५ साली त्याच नावाच्या संग्रहात समाविष्ट झाला. रसेल नास्तिक, धर्मगुरूंविषयी त्यांनी चांगले शब्द क्वचितच काढले. तरीही हा निबंध आपल्या घराघरांतून वाचला जावा असे मी म्हणेन. श्रम हाच सद्गुण, ही शिकवण मुख्यतः श्रम न करणाऱ्यांनी श्रम करणाऱ्यांना दिलेली आहे, असे ते सांगतात. टाचण्यांच्या कारखान्याचे त्यांचे उदाहरण प्रसिद्ध आहे. यंत्रात सुधारणा होऊन तेवढीच माणसे दुप्पट टाचण्या करू लागली. जगाला दुप्पट टाचण्या नको आहेत. शहाणपणाचा मार्ग असा की सर्वांचे तास निम्मे करावेत. प्रत्यक्षात अर्ध्यांना घरी पाठवले जाते आणि उरलेले पूर्वीइतकेच राबतात. म्हणजे निम्मे लोक उपाशी आणि निम्मे दमलेले. रसेल यांची मागणी दिवसाला चार तास कामाची होती. ऐंशी वर्षांहून अधिक काळ लोटला. आमच्या धर्मग्रामातली संगणकावर काम करणारी मुले रात्री अकरालाही मोबाईलवर साहेबाला उत्तर देताना मी पाहतो, तेव्हा त्या टाचण्यांची आठवण होते.

पण उरलेल्या वेळाचे काय करायचे, या प्रश्नापाशी रसेल तोकडे पडतात. शिक्षण सुधारले की माणसे फावल्या वेळात चित्रे काढतील, शास्त्राचा अभ्यास करतील, गावोगावी पुन्हा नाच सुरू होतील, असा त्यांचा विश्वास आहे. करमणूक केवळ पाहण्यापुरती उरली, कारण अंगातली सारी शक्ती कामात संपते, हे त्यांचे निदान खरे आहे. परंतु शक्ती शिल्लक असूनही मन उठत नाही, वेळ हातात असूनही तो ओझ्यासारखा वाटतो, अशा दिवसाला त्यांच्या निबंधात जागा नाही. माझा मंगळवार त्यांच्या हिशोबात बसत नव्हता.

पुस्तक होते योसेफ पीपर यांचे. हे जर्मन कॅथलिक तत्त्वचिंतक १९०४ साली जन्मले आणि १९९७ साली निवर्तले. संत थॉमस अक्वायनसच्या विचारांचा आयुष्यभर व्यासंग करणारा आणि तो साध्या भाषेत मांडणारा माणूस. १९४७ साली बॉन येथे त्यांनी दिलेली व्याख्याने पुढल्या वर्षी पुस्तकरूपाने आली आणि १९५२ साली ‘लेझर, द बेसिस ऑफ कल्चर’ या नावाने, टी. एस. एलियट यांच्या प्रस्तावनेसह, इंग्रजीत उतरली. काळ लक्षात घ्यावा. महायुद्धात जर्मनी बेचिराख झालेली. बर्लिनसारख्या शहरांतून बायका बादल्यांनी, हातोहात, पडक्या घरांच्या विटा उचलत होत्या. अशा वेळी हा गृहस्थ निवांतपणाविषयी बोलायला उभा राहिला! हा आक्षेप त्यांनी स्वतःच पहिल्या पानावर घेतला आहे. घर बांधण्यात हात गुंतलेले असताना ही चर्चा कशाला? त्यांचे उत्तर असे की घर म्हणजे केवळ भिंती नव्हेत. कशासाठी जगायचे हे ठरले नाही तर बांधलेले घर कारखान्याचीच एक खोली होऊन बसेल.

पीपर यांचे मुख्य म्हणणे थोडक्यात सांगता येते. आपण विश्रांती घेतो ती पुन्हा कामाला लागण्यासाठी, ही समजूत त्यांना मान्य नाही. सोमवारी अधिक काम व्हावे म्हणून घेतलेला रविवार हा कामाचाच भाग. बैलाला संध्याकाळी सोडतो तसा. खरा विसावा कामाच्या साखळीतला दुवा नसतो. तो त्या साखळीला आडवा छेद देतो. जे आहे ते चांगले आहे, असे म्हणून मन ज्या क्षणी स्वस्थ होते, तो विसावा. सहा दिवसांच्या निर्मितीनंतर देवाने जे पाहिले आणि जे त्याला चांगले दिसले, त्याच्याशी पीपर हा क्षण जोडतात. म्हणून त्यांच्या मते सणाशिवाय विसावा नाही आणि उपासनेशिवाय सण नाही.

आपल्या म्हणण्याला आधार म्हणून ते भाषेची साक्ष काढतात. ग्रीक भाषेत निवांतपणाला ‘स्खोले’ म्हणतात (शाळेचा इंग्रजी शब्द त्यातूनच आला) आणि कामधंद्याला त्याचा नकार, ‘अस्खोलिया’. लॅटिनमध्ये ‘ओतियुम’ आणि त्याचा नकार ‘नेगोतियुम’. म्हणजे त्या लोकांना निवांतपणा हा मूळ आणि काम हा त्याचा अभाव वाटत असे. युक्तिवाद मोहक आहे. मात्र मराठीत तो लावून पाहिला की उलटे चित्र दिसते. आपण कामाला नकार जोडून शब्द घडवतो: निरुद्योगी, बेकार. त्यातला ‘बेकार’ तर इतका घसरला की वाईट चित्रपटालाही आपण बेकार म्हणतो. रिकामटेकडा हीसुद्धा शिवीच. आणि तरीही सवड, उसंत, विसावा, फुरसत हे शब्द आपल्यापाशी आहेतच, आणि ते कोणाच्या नकारातून आलेले नाहीत. ओझे उतरवून क्षणभर टेकणाऱ्या माणसाचा शब्द म्हणजे विसावा. त्यात आधी ओझे गृहीत आहे. शेतावर आणि बाजाराच्या वाटेवर घडलेल्या भाषेने विसावा थकलेल्याला दिला, ग्रीकांनी तो नागरिकाला दिला. अथेन्सच्या त्या नागरिकाचे दळण कोण दळत होते, हे सांगायला नको. धोटा आपोआप विणू लागला तर धन्याला गुलाम लागणार नाहीत, असे अॅरिस्टॉटलने ‘राजनीती’त लिहून ठेवले आहे, धोटा काही आपोआप विणत नव्हता. या मुद्द्याकडे मी पुन्हा येणार आहे.

पीपर यांच्या पुस्तकातला सर्वांत मोलाचा भाग आळसाविषयीचा आहे. धर्मशिक्षणाच्या वर्गात सात मूळ पापांची यादी पाठ करताना शेवटी आपण ‘आळस’ म्हणतो. मूळ शब्द ‘अकेदिया’, आणि त्याचे आळस हे भाषांतर फार नुकसान करणारे आहे. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहिलेल्या एव्हाग्रियस या साधूने त्याचे वर्णन केले आहे. सकाळी दहापासून दुपारी दोनपर्यंत हा सैतान येतो. सूर्य जागचा हलत नाहीसे वाटते. साधू खिडकीतून सारखा बाहेर पाहतो, कोणी भेटायला येतो का म्हणून. मग त्याला आपली जागा, आपले काम, आपले सोबती यांचा उबग येतो. हा माणूस आळशी दिसेलच असे नाही. तो उठून दहा ठिकाणी धावेल, नवीन कामे काढेल. अक्वायनसने अकेदियाला दैवी मंगलाविषयीचे दुःख म्हटले आणि ते पाप शब्बाथाच्या आज्ञेविरुद्ध जाते असे दाखवून दिले. पीपर यांनी हा धागा उचलला आहे. क्षणभरही स्वस्थ बसू न शकणारा, कामात बुडून स्वतःपासून पळणारा मनुष्य हाच त्यांच्या लेखी या पापाचा खरा धनी. हे वाचताना मी अस्वस्थ झालो. तीस वर्षांच्या सेवेत माझी रोजनिशी कधी कोरी नव्हती, आणि मी ती अभिमानाने इतरांना दाखवलेली आहे.

मात्र इथेच पीपर यांच्याशी माझा पहिला मतभेद होतो. आळसावलेल्या दिवसाचा निवाडा करताना ते थेट आत्म्याकडे जातात. मध्ये शरीर लागते याचा त्यांना विसर पडतो. एलिया संदेष्टा झुडपाखाली निजून मरण मागत होता. अकेदियाचे सारे लक्षण त्याच्या ठायी होते. त्याच्याकडे आलेल्या दूताने उपदेश केला नाही. भाकर आणि पाणी पुढे ठेवले. एलिया जेवला आणि पुन्हा झोपला. दूताने त्याला झोपू दिले, दुसऱ्यांदा उठवून पुन्हा जेवू घातले आणि मगच वाटेला लावले. राजांच्या पहिल्या ग्रंथातला हा प्रसंग आम्ही प्रवचनात सांगतो तेव्हा चाळीस दिवसांच्या वाटचालीवर भर देतो, त्या दोन झोपा गाळतो.

संत बेनेडिक्टच्या नियमावलीतील अठ्ठेचाळिसावा अध्याय याबाबतीत अधिक समंजस आहे. आळस हा आत्म्याचा वैरी, या विधानाने तो अध्याय सुरू होतो आणि व्यासपीठावरून तेवढेच नेहमी सांगितले जाते. पुढच्याच ओळींत दुपारच्या जेवणानंतर मठवासीयांनी आपापल्या अंथरुणावर मुकाट्याने पडून राहावे, असे लिहिले आहे. कोणाला वाचायचे असेल तर त्याने दुसऱ्याची झोप मोडेल असे वाचू नये. सहाव्या शतकातील युरोपात वामकुक्षीला दिलेली ही धार्मिक मान्यता पाहून मला हसू आले. आणि त्याहून जुनी गोष्ट मठवासी संत अंतोनीची. अकेदियाने ग्रासलेल्या अंतोनीला आपल्यासारखाच एक माणूस दिसला: बसून दोर वळतो आहे, उठून प्रार्थना करतो आहे, पुन्हा बसून दोर वळतो आहे. तो देवदूत होता आणि असेच कर, एवढाच त्याचा संदेश होता. दमलेल्या मनाला मोठा निर्णय न सोपवता एक लहान, हाताने करण्याजोगे काम द्यावे, मग सोडावे, मग पुन्हा घ्यावे. आळसाच्या दिवशी काय करावे, याविषयी पीपर यांच्या साऱ्या पुस्तकापेक्षा ही गोष्ट अधिक उपयोगी आहे असे मला वाटते. (त्या मंगळवारी मी निदान दाखल्यांच्या दोन नकला करायला हव्या होत्या. केल्या नाहीत.)

दुसरा मतभेद अधिक गंभीर आहे. त्याचे मूळ मला दहाएक वर्षांपूर्वी मिळाले. रविवार पवित्र पाळावा, वाडीत फवारणी करू नये, दुकानाचे फळकूट उघडू नये, असे मी प्रवचनात जोराने सांगितले होते. मिस्सेनंतर एक वयस्क बाई आवारात भेटल्या.

‘‘फादर, चांगलं सांगितलंत. पण आमचा रविवार कधी असतो?’’

‘‘म्हणजे काय, मावशी?’’

‘‘रविवारी सगळे घरी असतात ना. पाहुणे येतात. इतर दिवशी भाजी-भाकर चालते, रविवारी मटण लागतं.’’

त्या हसल्या आणि गेल्या. मला उत्तर सुचले नाही. घरी येऊन मी निर्गमाच्या विसाव्या अध्यायातली आज्ञा काढली. त्या दिवशी कोणी काम करायचे नाही, याची यादी तिथे आहे: तू, तुझा मुलगा, मुलगी, दास, दासी, जनावरे आणि तुझ्या वेशीच्या आत राहणारा परका. बैल आहे, बायको नाही. भाष्यकार म्हणतात, ‘तू’ या शब्दात ती आली. आली असेल, स्वयंपाकघरात तिला कोणी हे कळवलेले दिसत नाही.

सेमिनरीत आम्हाला शिकवलेले नीतिशास्त्रही याच वळणाचे होते. १९१७ च्या धर्मसंहितेने रविवारी ‘दास्यकर्मे’ वर्ज्य केली होती. दास्यकर्म म्हणजे शरीराचे श्रम; नांगरणे, शिवणे, विटा रचणे. लेखन, अध्यापन, चित्रकला ही मुक्त कर्मे, ती रविवारी चालत. म्हणजे प्राध्यापकाने रविवारी ग्रंथ लिहिला तर दोष नाही, शिंप्याने काज केले तर दोष! आणि स्वयंपाक? तो ‘आवश्यक’ या सदरात घालून मोकळा केलेला. मनाई नाही हे खरे, पण त्यामुळे सुटीही नाही. जे काम कामच मानले गेले नाही, त्याला विसावा कुठून मिळणार? १९८३ च्या संहितेने दास्यकर्माचा शब्द काढून टाकला, हे चांगले झाले. उपासनेला, प्रभुदिनाच्या आनंदाला आणि शरीरमनाच्या विश्रांतीला अडथळा आणणारी कामे टाळावीत, असे आता १२४७ व्या कलमात म्हटले आहे. पीपर यांचे पुस्तक मात्र दास्यकर्म आणि मुक्तकर्म या जुन्याच जोडीवर उभे आहे. कामगाराला मालमत्ता मिळावी, त्याच्या अंतरंगाचे दारिद्र्य जावे, असे ते कळकळीने लिहितात, आणि त्यांच्यावर अन्याय होऊ नये म्हणून हे नोंदवले पाहिजे. परंतु सणाच्या ज्या ताटाभोवती त्यांचा सारा विचार फिरतो, ते ताट कोणी वाढले, हा प्रश्न त्या पुस्तकात येत नाही.

रसेल यांच्याही या निबंधात चार तासांचा हिशोब आहे तो कारखान्यातल्या कामाचा. घरकाम त्यात धरलेले नाही. मात्र त्याच संग्रहातील वास्तुरचनेवरच्या निबंधात त्यांनी सामाईक स्वयंपाकघर आणि बालवाडी असलेल्या इमारतींची कल्पना मांडली आहे, ती घरकामाने पिचलेल्या बायकांना डोळ्यांपुढे ठेवून. ती कल्पना आपल्या लोकांना रुचणार नाही, मलाही पुरती रुचलेली नाही. पण त्या नास्तिकाने प्रश्न पाहिला आणि आमच्या तत्त्वज्ञाने पाहिला नाही, हे कबूल केले पाहिजे.

आणि हा प्रश्न पाहायला आपल्याला इंग्लंड-जर्मनीला जाण्याची तरी काय गरज? मुंबईच्या गिरण्यांतील मजुरांना आठवड्याची सुटी नव्हती तेव्हा महात्मा फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ सालापासून रविवारच्या सुटीची मागणी लावून धरली. २४ एप्रिल १८९० रोजी मुंबईत दहा हजार कामगारांची सभा भरली आणि तिच्यात दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. त्याच वर्षीच्या १० जूनला गिरणीमालकांनी साप्ताहिक सुटी मान्य केली. पुढल्या वर्षी, मे १८९१ मध्ये, पोप तेरावे लिओ यांनी ‘रेरुम नोव्हारुम’ या परिपत्रकात कामगाराच्या रविवारच्या विश्रांतीचा आग्रह धरला. आम्ही धर्मशिक्षणात परिपत्रकाचे साल पाठ करतो. लोखंड्यांचे नाव किती मुलांना ठाऊक असते? आपण रविवारी मिस्सेला जातो ती सुटी मुंबईत कोणीतरी मागून, भांडून मिळवलेली आहे, आणि त्या सभेत बोललेल्या दोघी घरी जाऊन चुलीशीच बसल्या असतील, असे मला वाटत राहते.

मार्था आणि मरियेचा दाखला मी मुद्दाम देत नाही. आपल्या भगिनींनी त्यावरची प्रवचने पुरेशी ऐकली आहेत, आणि ती देणारे बहुधा नंतर जेवायला बसलेले असतात.

त्या मंगळवारी पीपर यांचे शेवटचे प्रकरण वाचत असताना बाराच्या सुमारास स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली. मी दचकलो. सकाळचा चहा कोणी आणून दिला होता, याचा तोवर मी विचारच केला नव्हता. आमच्या निवासात स्वयंपाक करणाऱ्या बाई पलीकडच्या वाडीतून पायी येतात. त्या दिवशी गुडघाभर पाण्यातून आल्या होत्या. त्यांचे लुगडे खालून अजून ओले होते. मी उठून आत गेलो आणि म्हणालो, ‘‘उद्याही असाच पाऊस आहे म्हणतात. उद्या येऊ नका. घरी आराम करा.’’

त्यांनी गॅस बारीक केला. ‘‘पगार कापणार का, फादर?’’

‘‘नाही, नाही कापणार.’’

‘‘मग जेवणाचं काय कराल?’’

‘‘करीन मी काहीतरी.’’

त्यांनी माझ्याकडे जरा संशयाने पाहिले आणि डाळीचे पीठ कोणत्या डब्यात आहे ते दाखवले. बुधवारी मी पिठले केले. गुठळ्या झाल्या होत्या. भांडी घासून होईपर्यंत दोन वाजले, आणि दाखल्यांच्या नकला त्याही दिवशी राहिल्या.